नालछ्याच्या अलीकडचे दहा बिघे

इंदूरच्या एका ताईंचं पत्र आहे. वय एकसष्ट, शाळेतून निवृत्त. धार तहसिलीत, मांडूच्या रस्त्याला नालछ्याच्या अलीकडे, त्यांच्या माहेरची दहा बिघे जमीन आहे. खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, दोन भावांबरोबर त्यांचंही नाव आहे. आजोबांनी ही जमीन १९६८ साली भिलाला या आदिवासी जमातीच्या एका शेतकऱ्याकडून आठशे रुपयांना घेतली. आजोबा तेव्हा तहसिलीत कारकून होते. ‘त्याच्या मुलीचं लग्न होतं, पैशाची नड होती, आजोबांनी ती भागवली,’ असं घरात सांगतात. मागच्या दिवाळीनंतर त्या शेतकऱ्याचा नातू, पीथमपूरच्या एका कारखान्यात ठेक्यावर काम करणारा मुलगा, जुन्या खसऱ्याची नक्कल घेऊन इंदूरच्या घरी आला. ताईंनी चहा दिला, तो त्यानं पायरीवर बसूनच घेतला. आता एसडीएमच्या, म्हणजे महसुलाच्या अनुविभागीय अधिकाऱ्याच्या, कोर्टाची नोटीस आली आहे. पुण्याचा भाऊ म्हणतो, चांगला वकील लावू, अशी प्रकरणं वीस वर्षं चालतात. इंदूरच्या भावाकडे एक दलाल येऊन बसतो. त्याचं म्हणणं, कुणा आदिवासी माणसाच्या नावानं रजिस्ट्री करून टाका, पुढचं मी बघतो. ताईंनी वकीलपत्रावर अजून सही केलेली नाही. त्या विचारतात: ‘कायद्यानं आमची असलेली जमीन केवळ मनाला टोचतं म्हणून सोडू का? त्यासाठी भावांशी वाकडं घेऊ का? आणि दिली तरी तो ती टिकवेल का?’

ताई,

तुमच्या पत्रात ‘आजोबांनी पैसे मोजून घेतली’ हे वाक्य तीन वेळा आलंय. ‘कलेक्टरची परवानगी’ हे शब्द एकदाही आलेले नाहीत. माझ्या मते तुमचा सगळा पेच या दोहोंच्या मधे आहे. कायदा आपल्या बाजूला आणि मन त्या मुलाच्या बाजूला, असं तुम्ही धरून चालला आहात. मी तीसेक वर्षं महसूल कोर्टांच्या बाकांवर काढली. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तरी कायदाही त्याच पायरीवर, त्या मुलाच्या शेजारी बसलेला दिसतो. तसं नाही हे दाखवणारा कागद तुमच्याकडे असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा आधी कागदाचं बोलू, मनाचं नंतर.

मध्य प्रदेशची भू-राजस्व संहिता २ ऑक्टोबर १९५९ पासून लागू आहे. तिच्या कलम १६५(६) प्रमाणे ‘आदिम जनजाती’च्या भूमिस्वामीची जमीन आदिवासी नसलेल्या माणसाकडे जायची, तर त्याला महसूल अधिकाऱ्याची परवानगी लागते. हा अधिकारी कलेक्टरच्या खालच्या दर्जाचा चालत नाही, आणि परवानगी का दिली याची कारणं त्यानं लिहून ठेवायची असतात. पुढे हा नियम आणखी आवळला. आदिवासीबहुल म्हणून जाहीर झालेल्या भागात आता अशी विक्री होतच नाही, परवानगी मागायलाही जागा नाही. बाकीच्या भागात परवानगीची अट कायम आहे. धार तहसील अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे घटनेनुसार आदिवासींसाठी जाहीर झालेल्या भागात, येते. म्हणजे आज ती जमीन तुम्हाला विकत घेता आली नसती, आणि १९६८ साली घ्यायची तर परवानगीचा कागद हवा होता.

तो कागद आहे का? लोखंडी पेटीत रजिस्ट्री सापडली असं तुम्ही लिहिता. रजिस्ट्री म्हणजे परवानगी नव्हे. उपपंजीयकाच्या शिक्क्यानं इतकंच कळतं की अमक्या दिवशी दोन माणसं आली आणि एकानं अंगठा उठवला.

आता आजोबांबद्दल. त्यांना लबाड ठरवायची मला हौस नाही, आणि माझ्याकडे तसा पुरावाही नाही. नडीला धावून जाणारी माणसं त्या पिढीत होती. पण तुम्ही शिक्षिका होतात, तेव्हा हेच गणित मुलांना घातल्यासारखं मांडून बघा. एकीकडे तहसिलीतला कारकून, ज्याच्या हातात नोंदवही आहे आणि परवानगीचा नियम ज्याच्या टेबलावर आहे. दुसरीकडे लग्न तोंडावर आलेला बाप, ज्याला त्या वहीत काय लिहिलंय ते वाचता येत नाही. कुंपणानं शेत खाल्लं असं मी म्हणणार नाही. पण कुंपण शेताला अगदी लागून होतं, एवढं म्हणू द्या. पैसे मोजले हे खरं असेलही. कायद्याला विचारायचं असतं ते निराळंच: विकणाऱ्याला ‘नाही’ म्हणायची सोय होती का? परवानगीची अट त्यासाठीच होती. कलेक्टरनं त्या बापाला समोर बोलवून विचारावं, बाबा, हे तू का विकतोयस आणि भाव बरा मिळतोय का. तुमच्या घरच्या गोष्टीत हा प्रसंग कुठेच येत नाही.

तुमच्या नोटिशीवर धारा १७०-ख असेल. इंग्रजीतून वाचणारे वकील तिलाच १७०-बी म्हणतात. १९८० च्या दुरुस्तीनं ही धारा आली. २ ऑक्टोबर १९५९ नंतर आदिवासीची असलेली शेतजमीन ज्या बिगर-आदिवासी माणसाच्या ताब्यात आली, त्यानं ती आपल्याकडे कशी आली हे दोन वर्षांच्या आत अनुविभागीय अधिकाऱ्याला, म्हणजे ज्याला आपण सगळे एसडीएम म्हणतो त्याला, स्वतःहून कळवायचं होतं. कळवलं नाही तर ताबा बेकायदा आहे असं गृहीत धरायचं. नेहमीच्या दाव्यात फिर्यादी धावपळ करतो. इथे ताबा ज्याचा आहे त्याला बोलायला लावलंय. का, ते तुम्हाला कळेल. ज्याची जमीन गेली त्याच्याकडे अंगठ्याशिवाय काही उरलेलंच नव्हतं, तो पुरावा आणणार कुठून?

म्हणून माझा पहिला प्रश्न आजोबांविषयी नाही, वडिलांविषयी आहे. १९८० ते ८२ या काळात त्यांनी धारला असं काही निवेदन दिलं होतं का? त्याची पोच, एखादा प्रकरण क्रमांक, खसऱ्यातल्या कैफियतीच्या, म्हणजे शेऱ्याच्या, रकान्यात एखादी नोंद? दिलं असेल आणि चौकशी होऊन प्रकरण तुमच्या बाजूनं निकाली निघालं असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे आणि तो आदेश हजर करणं हा तुमचा हक्क आहे. दिलं नसेल तर पुण्याच्या दादाला सांगा की वकील कितीही चांगला असला तरी त्याची सुरुवात खड्ड्यातून होणार.

दादा आणखी एक म्हणेल, नव्हे, तुमच्या पत्रात म्हटलंच आहे: ‘पन्नास वर्षं कसतोय, आता ती आपलीच.’ बारा वर्षांच्या कब्जाची ही समजूत आपल्या लोकांत पोह्यांवरच्या शेवेसारखी सगळीकडे भुरभुरलेली आहे. आदिवासीच्या जमिनीला ती लागू होत नाही. ओडिशातल्या एका प्रकरणात २००४ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, हस्तांतरणावर बंदी असताना नुसत्या दीर्घ कब्जाच्या जोरावर बिगर-आदिवासी मालक होऊ शकत नाही. जे दारातून आणता येत नाही ते खिडकीतूनही आणता येत नाही. ‘जुनं उकरून काढणं हाच अन्याय’ असं कुणाला वाटत असेल, तर महाराष्ट्राकडे बघा. तिथे १९७४ साली आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा झाला, तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८४ मध्ये टिकला. आपल्या धारेचा हिशेब निराळा आहे, पण विचार एकाच घरातला.

हे कायदे दिल्लीत कुणाला तरी दया आली म्हणून झाले, असं समजू नका. राज्यघटनेची पाचवी अनुसूची आहे. अनुसूचित क्षेत्रात आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरणावर बंदी घालण्याचा अधिकार तिनं राज्यपालांना दिलाय. त्याहून जवळची गोष्ट आपल्याच भागातली आहे. झाबुआकडचे खासदार दिलीपसिंह भूरिया यांच्या समितीनं १९९५ मध्ये अहवाल दिला, त्यातून १९९६ चा ‘पेसा’ कायदा आला, आणि अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला गेलेली जमीन परत मिळवून देण्याचा अधिकार मिळाला. आपल्या संहितेतही त्याप्रमाणे १७०-ख मध्ये पोटकलम आलं. ग्रामसभेला ताबा परत देता आला नाही तर तिनं प्रकरण एसडीएमकडे पाठवायचं आणि त्यानं तीन महिन्यांत ताबा परत मिळवून द्यायचा. मध्य प्रदेशनं पेसाचे नियम करायला मात्र नोव्हेंबर २०२२ उजाडू दिला. सव्वीस वर्षं! तेव्हा तो मुलगा ‘आत्ताच का जागा झाला’ असं भाऊ विचारत असतील तर सरकारलाही तेच विचारावं लागेल.

आणि पीथमपूर वाढलं, जमिनीचे भाव चढले म्हणून तो आला, असं तुम्ही हळूच सुचवलंय. असेल तसं. दलालही त्याच कारणानं आलाय, त्याच्याविषयी मात्र तुम्ही हे लिहिलेलं नाही.

आता या दलालाचं बोलू. त्याचा मार्ग मला सगळ्यात घातक वाटतो, आणि इंदूरच्या भावाला तोच सगळ्यात सोपा वाटत असणार. पद्धत अशी: कुणाचा तरी ड्रायव्हर, हमाल किंवा कामवाल्या बाईचा नवरा भील किंवा भिलाला असतो. त्याच्या नावानं खरेदी होते, पैसे दुसऱ्याचे असतात, आणि त्याच दिवशी त्याच्याकडून मुखत्यारपत्र, कोरे स्टँप आणि न वाचलेला करारनामा लिहून घेतात. याला बेनामी व्यवहार म्हणतात. १९८८ च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाल्यापासून त्याला एक ते सात वर्षांची सक्तमजुरी आहे आणि मालमत्तेच्या बाजारभावाच्या पाव हिश्श्यापर्यंत दंड आहे. जमीन सरकारजमा होते ती वेगळीच. नोटीस लागलेली असताना असा व्यवहार करणं म्हणजे कोर्टाच्या डोळ्यांदेखत करणं. शिवाय बघा, या खेळात आणखी एका आदिवासी माणसाचा अंगठा लागतो. १९६८ च्या अंगठ्याचा हिशेब अजून मिटलेला नाही, आणि तुमचा भाऊ दुसरा मागतोय. दलालाला दार दाखवा. चहा देऊ नका म्हणत नाही, पण सही देऊ नका.

तिसरा एक मार्ग तुमच्या पत्राच्या शेवटी डोकावतो: ‘त्याला थोडे पैसे देऊन आपसात मिटवावं का?’ ऐकायला माणुसकीचं वाटतं. पण पैसे देऊन ‘माझा हक्क नाही’ असं लिहून घेणं ही आदिवासीकडून जमीन घेण्याचीच एक नवी तऱ्हा झाली, आणि ज्या भागात विक्रीच बंद आहे तिथे असा समझोता टिकायचा नाही. कायद्यात एक अपवाद आहे, तो सांगून टाकते, म्हणजे कुणी अर्धवट सांगून फसवणार नाही. चौकशीत आदिवासीची फसवणूक झाल्याचं दिसलं, पण त्या जमिनीवर आधीच इमारत उभी असली, तर एसडीएम जमिनीची किंमत ठरवून फरकाची रक्कम द्यायला लावतात. मात्र १ जानेवारी १९८४ नंतरच्या बांधकामाला ही सवलत नाही. तुमच्याकडे इमारत नाहीच. वडिलांनी १९९१ मध्ये खणलेली विहीर आहे. तिचा उल्लेख जबाबात जरूर करा, खर्चाच्या पावत्या असतील तर जोडा. पण तिच्या जिवावर काही वाचेल अशी आशा धरू नका.

दादाचा मार्ग राहिला, भिजत घोंगड्याचा. तो चालतो, नाही असं नाही. तारखा, अपील, पुनरीक्षण, ग्वाल्हेरचं राजस्व मंडळ, हायकोर्टाचं इंदूर खंडपीठ, मधे एक-दोन स्थगिती. मी स्वतः अशा फायली पाहिल्या आहेत ज्यांच्यावरच्या दोऱ्या दोनदा बदलल्या. पण वीस वर्षांनी तुम्ही एक्याऐंशीच्या असाल आणि तुमच्या मागे ही फाईल तुमच्या भाच्यांच्या गळ्यात असेल. त्यांना ना नालछा ठाऊक, ना कैफियतीचा रकाना कशाशी खातात ते. तोवर जमीन विकता येणार नाही, तारण ठेवून कर्ज मिळणार नाही. दादाला हा हिशेब रुपयांत मांडून दाखवा. पुण्याची माणसं रुपयांचं लवकर ऐकतात, असा माझा अनुभव आहे. (पुण्याच्या वाचकांनी रागवू नये, माझं सासर तिथलंच.)

आता मनाकडे येते. ‘सोडू का’ असं तुम्ही विचारलंत. सोडायचं ते आपलं असतं. ते आपलं आहे की नाही हेच जर ठरायचंय, तर ‘मी मोठेपणानं दिली’ ही भावना आधी बाजूला ठेवावी लागेल. मला ठाऊक आहे, हे कठोर वाटेल. दान करायला हात सहज पुढे होतो. परत करायला अवघड जातं, कारण त्यात आपल्या माणसाकडून काहीतरी चुकल्याची कबुली असते. पण त्या मुलाचाही विचार करा. दान घ्यायला तो आलेला नाही. तो खसऱ्याची नक्कल घेऊन आला होता.

तसंच उलटं टोकही गाठू नका. ‘आम्ही मराठी माणसं होळकर-पवारांबरोबर इथे आलो, आम्हीच सगळ्यांच्या जमिनी बळकावल्या’ असं तुम्ही लिहिलंय, आणि पुढे दोन पानं त्याच खंतीची आहेत. माझे पणजोबाही धारला पवारांच्या दफ्तरात होते, मला ही खंत नवी नाही. पण अडीचशे वर्षांचा इतिहास आपल्या एकट्याच्या खांद्यावर घेतला की हातातल्या दहा बिघ्यांचं काम राहून जातं. इतिहासाची माफी कुणी तुमच्याकडे मागितलेली नाही. एसडीएमनी एका सर्व्हे नंबराचा जबाब मागितलाय.

‘तो टिकवेल का?’ हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला. तो फार सभ्य आवाजात विचारला जातो. दारूत घालवेल, दलालाला देईल, कसणारच नाही. ताई, तुमच्या भावांपैकी एकानं तरी गेल्या तीस वर्षांत तिथे नांगर धरलाय का? तुम्हीच लिहिलंय की जमीन बटाईनं दिलेली आहे. मालकानं कसलं पाहिजे ही अट आपण स्वतःला लावत नाही. आणि दलालाचीच भीती असेल, तर जमीन त्या कुटुंबाच्या नावावर गेली की कलम १६५(६) चं कुलूप पुन्हा लागतं. दलालाला ती सरळ घेता येणार नाही. तो आडवाटेनं येईल हे खरं, पण त्याला आडवाटेनं यावं लागेल एवढं तरी.

बटाईदाराबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, ‘गावातलाच एक जण.’ तो कोण आहे ते आधी काढा. अशा गावात जुन्या मालकाचाच चुलत भाऊबंद बटाईनं कसताना मी पाहिलाय. तसं असेल तर तुमचा आणि त्या मुलाचा वाद हा तुमच्यापुरता राहत नाही, दोन भावकींचा होतो. आणि कुणी तिसराच, परका असेल तर त्याचं उभं पीक मधल्या मधे जाता कामा नये. जबाब देताना या हंगामाच्या पिकाविषयी स्पष्ट लिहून द्या.

मग करायचं काय?

भावांच्या वकिलाच्या वकीलपत्रावर सही करू नका. तुमचं नाव खसऱ्यात वेगळं आहे, तुम्ही वेगळा जबाब देऊ शकता. त्यात सुशोभित काही नको. जमीन कधी, कुणाकडून, किती रुपयांना आली, परवानगीचा कागद आहे की नाही, १९८० नंतर निवेदन दिलं की नाही, सध्या कोण कसतं, विहीर कधीची. जे माहीत नाही ते ‘माहीत नाही’ असंच लिहायचं. शेवटी एक वाक्य: चौकशीत व्यवहार अवैध ठरला तर माझ्या हिश्श्यापुरती जमीन मूळ भूमिस्वामीच्या वारसांना परत करायला माझी हरकत नाही. भावांच्या हिश्श्याबद्दल तुम्हाला बोलता येत नाही, आणि बोलूही नका. त्यांच्याशी वाकडं घेतल्याची निम्मी तक्रार तिथेच संपते. तुम्ही त्यांच्या विरुद्ध उभ्या नाहीत, तुम्ही फक्त खरं सांगितलंत.

परत द्यायचीच ठरली तर दानपत्र करायच्या भरीस पडू नका. त्याला मुद्रांक लागतो, आणि कागदावर ती पुन्हा तुमची मेहेरबानी ठरते. कोर्टाच्या आदेशानं जमीन वारसांकडे गेली की त्याच आदेशावर तहसिलीत नामांतरण, म्हणजे फेरफार, होतं, नोंद स्वच्छ राहते. वारस किती आहेत हेही त्यात ठरतं. दारात आलेला नातू एकटाच वारस आहे असं कुणी सांगितलं? आत्या असतील, काका असतील. ज्या मुलीच्या लग्नासाठी जमीन गेली म्हणतात, ती अजून हयात असेल तर तिचाही हक्क बघितला पाहिजे. मला तर वाटतं १९६८ ची खरी गोष्ट तिलाच विचारावी.

भावांना पत्र लिहा, फोन नको. फोनवर दादा बोलेल आणि तुम्ही ऐकाल, हे तुमच्या पत्रावरूनच दिसतंय. पत्रात कायद्याच्या या दोन धारा, तुमच्या जबाबाची प्रत आणि एवढंच की मी अमुक तारखेला हा जबाब देणार आहे. विरोध करायचा असेल तर त्यांना त्यांचा जबाब द्यायचा पूर्ण अधिकार आहे. दोन-चार राखीपौर्णिमा फिक्या जातील. ते टळणार नाही, आणि टळेल असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही.

अशाच प्रकारची आणखी चार-पाच पत्रं माझ्याकडे पडून आहेत, त्यांनाही इथेच दोन शब्द. महू-मानपूरकडे फार्महाऊससाठी जमीन बघणाऱ्यांनो, इंदूर जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. विकणारा आदिवासी असेल तर कलेक्टरची परवानगी तिथेही लागते, आणि मधल्या काळात जमीन दोन हातांतून फिरली असेल तर पहिला हात कुणाचा होता ते १९५८-५९ च्या खसऱ्यापासून बघावं लागतं. दलाल फक्त शेवटची रजिस्ट्री दाखवतो. बडवानीहून एकानं वनपट्ट्याची जमीन ‘स्वस्तात मिळतेय’ म्हणून विचारलंय. २००६ च्या वनाधिकार कायद्याचा पट्टा वारसाला मिळतो, विकता येत नाही. तो घेऊ नका, कुणी भेट देतो म्हणाला तरी. ज्यांचे नातलग स्वतः जंगलजमीन कसतात आणि पट्टा मिळालेला नाही, त्यांनी मात्र ग्रामसभेत दावा करावा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा आणि प्रत्यक्ष कसणं दाखवावं लागतं, कमाल मर्यादा चार हेक्टरची. दावा आधी ग्रामसभेत, मग उपखंड समिती, मग जिल्हा समिती. आणि वडोदऱ्याच्या ज्या गृहस्थांनी छोटा उदेपूरकडच्या राठवा शेतकऱ्याच्या जमिनीबद्दल विचारलंय, त्यांच्याकडे, गुजरातच्या जमीन महसूल कायद्यात, कलम वेगळं आहे, ७३-एए, पण कलेक्टरच्या पूर्वपरवानगीशिवाय तिथेही पुढे जाता येत नाही. सौदाचिठ्ठी आणि बयाणा आधी, परवानगी नंतर, हा क्रम तुमच्या वकिलानं सुचवला असेल तर वकील बदला.

ताई, तुमच्याकडे परत येते. तारखेला अजून तीन आठवडे आहेत. त्याआधी एकदा धारला जाऊन या, आणि भावांना बरोबर न घेता जा. कलेक्टर कार्यालयाच्या अभिलेखागारात नकलेचा अर्ज करायचा: १९५८-५९ चा खसरा, १९६७ ते १९७० चे खसरे, नामांतरण पंजीचं पान, आणि १९८० ते ८३ दरम्यान या सर्व्हे नंबरावर १७०-ख चं प्रकरण नोंदलं होतं का याचा शोध. अर्जावर सर्व्हे नंबर जुना आणि नवा दोन्ही लिहा, नाहीतर बाबू ‘नंबर मिळत नाही’ म्हणून परत पाठवतो. सकाळी लवकरची बस धरा, खिडकी उघडते तेव्हा रांगेत पुढे असाल. आणि त्या मुलाचा फोन नंबर तुमच्याकडे असेल तर त्यालाही कळवा. हीच पानं त्यालाही हवी आहेत, दोघांनी मिळून अर्ज केला तर शोध एकदाच होईल.